लहान विमानांची धावपट्टीवरील टक्कर : सोलापूरकरांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

होटगी रस्त्यावरील विमानतळाचे नव्या स्वरूपात उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ रोजी झाले. ९ जून २०२५ पासून गोव्याची आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून मुंबईची नियमित विमानसेवा सुरू झाली, आणि विमान हा विषय सोलापुरात वर्तमानपत्रातल्या बातमीपुरता न राहता घरातल्या बोलण्यात आला. वैमानिक होण्यासाठी मुलांना बारामती, शिरपूर, गोंदियाला पाठवणारे पालक, पहिल्यांदाच एटीआर या पंख्याच्या प्रवासी विमानात बसलेले ज्येष्ठ नागरिक आणि विमानतळाच्या कुंपणालगतचे रहिवासी यांच्या मनात जे प्रश्न येतात, त्यांपैकी धावपट्टीवरील टकरींविषयीचे प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे मुख्यतः लहान विमानांना धरून आहेत. मोठ्या विमानांचे दाखले गरजेपुरतेच दिले आहेत.

धावपट्टीवरील टक्कर नेमकी कशाला म्हणतात?

उतरणारे किंवा उड्डाण घेणारे विमान धावपट्टीवर दुसऱ्या विमानाला किंवा वाहनाला धडकले, तर ती धावपट्टीवरील टक्कर. टकरीच्या आधी जी चूक घडते तिला विमान वाहतुकीत ‘रनवे इन्कर्शन’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या व्याख्येनुसार, विमानांच्या उतरण्या-उडण्यासाठी राखलेल्या संरक्षित भागात कोणतेही विमान, वाहन किंवा माणूस नको तेव्हा हजर असला की इन्कर्शन झाले. त्यासाठी टक्कर व्हावीच लागते असे नाही. गांभीर्यानुसार अशा घटनांचे चार वर्ग केले जातात. टक्कर थोडक्यात टळली ती पहिल्या वर्गात जाते आणि कोणालाही तातडीचा धोका नव्हता ती चौथ्या वर्गात.

विमान धावपट्टीवरून घसरून बाजूला उभ्या असलेल्या विमानांवर आदळले, तर तो प्रकार निराळा मानला जातो. नेपाळमधील लुक्ला येथे १४ एप्रिल २०१९ रोजी उड्डाणासाठी धावणारे एक लेट ४१० विमान पट्टी सोडून शेजारच्या हेलिकॉप्टरांवर गेले आणि तिघांचा मृत्यू झाला. तिथे पट्टी मोकळीच होती. या पानावरील बाकीचे बहुतेक अपघात मात्र पट्टी मोकळी नसताना ती मोकळी आहे असे कोणीतरी धरून चालल्यामुळे घडलेले आहेत.

एवढ्या मोठ्या मोकळ्या जागेत दोन विमाने धडकतातच कशी?

विमानतळ मोठा असतो, पण सर्वांना हवी असलेली जागा एकच असते आणि ती म्हणजे धावपट्टी. सोलापूरची पट्टी सुमारे २,१०० मीटर लांब आहे. सेस्ना १७२ सारखे चार आसनी विमान उतरताना ताशी सुमारे १२० किलोमीटर वेगाने येते, म्हणजे एक किलोमीटर अंतर ते अर्ध्या मिनिटात कापते. एटीआर ७२ ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेगाने येते आणि तेवढेच अंतर अठरा सेकंदांत संपवते. पट्टीच्या तोंडाशी थांबलेल्या वैमानिकाने डावी-उजवीकडे पाहिले, मग मान खाली घालून यंत्रांवर एकदा नजर फिरवली आणि विमान पुढे घेतले, एवढ्या वेळात आकाशातील चित्र बदललेले असते.

शिवाय धडकेच्या मार्गावर असलेले विमान काचेतून हलताना दिसत नाही. ते एकाच जागी ठिपक्यासारखे राहते आणि अगदी शेवटी एकाएकी मोठे होते. माणसाची नजर हालचाल चटकन टिपते, स्थिर ठिपका टिपत नाही. म्हणूनच प्रशिक्षकांचा आग्रह असतो की, आकाशावरून नजर एका झपाट्यात न फिरवता थोडा थोडा भाग थांबून पाहावा.

लहान विमानांतून बाहेरचे सगळे दिसत नाही का?

नाही. सेस्ना १५२ आणि १७२ यांचे पंख डोक्यावर असतात, त्यामुळे खालची जमीन छान दिसते, पण वळताना ज्या बाजूला वळायचे असते नेमकी तीच बाजू पंखाआड जाते. पायपर कंपनीच्या अनेक विमानांचे पंख खाली असतात. त्यांतून वरचे दिसते, खालचे झाकले जाते. आता अशी कल्पना करा की पंख वर असलेले विमान पुढे आणि थोडे खाली आहे, पंख खाली असलेले विमान त्याच्या मागे आणि वर आहे, आणि दोन्ही एकाच पट्टीकडे उतरत आहेत. खालच्याला वरचा दिसत नाही, वरच्याला खालचा दिसत नाही, आणि दोघांचेही लक्ष समोरच्या पट्टीवर खिळलेले असते. लहान विमानांच्या अपघातांत ही मांडणी पुन्हा पुन्हा आढळते. तिच्यावर उपाय एकच आहे, तो म्हणजे शेवटचे वळण घेण्याआधी रेडिओवर आपली जागा सांगणे आणि दुसरा कोण, कुठे आहे ते ऐकणे.

जमिनीवर आणखी एक अडचण येते. शेपटीखाली चाक असलेल्या जुन्या धाटणीच्या विमानांचे नाक वर असते, त्यामुळे टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालताना, समोरचे दिसतच नाही. त्यांचे वैमानिक नागमोडी चालवत दोन्ही बाजूंनी डोकावत पुढे जातात. बघणाऱ्याला ते विचित्र वाटते, पण पद्धत तीच आहे.

टॉवर नसलेल्या विमानतळावर विमाने कोणाच्या परवानगीने उतरतात?

कोणाच्याच नाही, आणि हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. जगातील बहुसंख्य लहान विमानतळांवर नियंत्रण मनोरा नसतो, किंवा असला तरी तो ठराविक वेळेतच चालू असतो. सात रस्त्यावरचा सिग्नल बंद पडला की वाहने जशी एकमेकांच्या अंदाजाने निघतात, तसेच काहीसे इथे चालते. फरक इतकाच की इथला अंदाज नियमांनी बांधलेला असतो.

नियम थोडक्यात असे आहेत. पट्टीभोवती एक काल्पनिक आयत असतो, त्याला सर्किट म्हणतात. नेहमीच्या पद्धतीने त्यात सगळी वळणे डावीकडे घ्यायची असतात आणि उंची साधारणपणे जमिनीपासून १,००० फूट राखायची असते. वाऱ्याच्या दिशेने जाणारी बाजू म्हणजे डाउनविंड, तिथून आडवे वळण म्हणजे बेस आणि पट्टीच्या रेषेत आल्यावर फायनल. प्रत्येक टप्प्यावर वैमानिकाने ठरलेल्या एकाच फ्रिक्वेन्सीवर आपले नाव, जागा आणि इरादा सांगायचा असतो. उतरणाऱ्या विमानाला जमिनीवरच्या विमानापेक्षा प्राधान्य असते; दोन विमाने उतरत असतील, तर खालच्याला आधी जागा मिळते, मात्र त्याने या नियमाचा फायदा घेऊन दुसऱ्याच्या पुढे घुसायचे नसते.

ही व्यवस्था वाटते त्यापेक्षा चांगली चालते. ती बिघडते तेव्हा बहुतेक वेळा कोणीतरी आयत सोडून लांबून थेट सरळ रेषेत येत असतो. कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथे १८ ऑगस्ट २०२२ रोजी सर्किटमध्ये फिरणारे सेस्ना १५२ आणि सरळ रेषेत वेगाने येणारे दोन इंजिनांचे सेस्ना ३४० पट्टीजवळ हवेतच धडकले आणि तिघे मृत्युमुखी पडले. दोन्ही विमाने रेडिओवर आपापली जागा सांगत होती. तेव्हा नुसते बोलणे पुरत नाही. समोरच्याने सांगितलेले अंतर आणि वेग डोक्यात मांडून तो आपल्यापर्यंत किती वेळात पोहोचेल, याचा हिशेब करावा लागतो.

रेडिओ असताना गैरसमज कसा होतो?

यासाठी क्विन्सीचा अपघात सविस्तर सांगायला हवा, कारण लहान विमानतळाच्या जवळजवळ सगळी दुखणी त्यात एकत्र आली आहेत.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या क्विन्सी येथील विमानतळावर टॉवर नव्हता आणि एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्या होत्या. १९ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी १० प्रवासी व २ वैमानिक असलेले बीचक्राफ्ट १९००सी विमान १३ क्रमांकाच्या पट्टीवर उतरायला येत होते. त्याच वेळी ०४ क्रमांकाच्या पट्टीच्या तोंडाशी एक किंग एअर विमान उड्डाणाच्या तयारीत होते आणि त्याच्या मागे एक लहान चेरोकी उभे होते. उतरणाऱ्या वैमानिकांनी आपली जागा वेळोवेळी सांगितली होती. शेवटी त्यांनी थेट विचारले, की ०४ वरचे विमान थांबणार आहे की उडणार आहे. किंग एअरकडून उत्तर आले नाही. उत्तर दिले ते मागच्या चेरोकीच्या वैमानिकाने, की आपण ०४ वर उड्डाणासाठी थांबलो आहोत. नेमक्या त्याच क्षणी उंचीचा इशारा देणाऱ्या यंत्राचा आवाज मध्ये आला आणि निरोप तुटक ऐकू गेला. उतरणाऱ्या वैमानिकांना वाटले की पट्टीवरच्या किंग एअरनेच थांबण्याचे कबूल केले आहे. त्यांनी आभार मानले आणि विमान खाली आणले. किंग एअरने धाव घेतली. दोन्ही विमाने पट्ट्यांच्या छेदावर धडकली आणि दोन्हींतील मिळून चौदाही जण गेले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने मुख्य ठपका किंग एअरच्या वैमानिकांवर ठेवला, कारण त्यांनी फ्रिक्वेन्सीकडे आणि आकाशाकडे पुरेसे लक्ष दिले नव्हते. चेरोकीचा तुटलेला निरोप हे सहायक कारण ठरले. अहवालातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग मात्र पुढचा आहे. मोठ्या विमानातील माणसे धडकेत मरण पावली नव्हती. विमानाचा दरवाजा उघडला नाही आणि धूर व आगीने त्यांचा जीव घेतला. धावत आलेल्या लोकांनाही बाहेरून दरवाजा उघडता आला नाही, आणि विमानतळावर अग्निशमन पथक नव्हते. लहान विमानतळावर अग्निशमन गाडी आणि प्रशिक्षित माणसे हवीत की नकोत हा खर्चाचा प्रश्न म्हणून चर्चेला येतो. तो तसा मांडणेच मुळात चुकीचे आहे.

म्हणजे टॉवर असला की धोका संपतो?

कमी होतो, संपत नाही. फ्लोरिडातील सॅरासोटा येथे ९ मार्च २००० रोजी टॉवर चालू असताना, नियंत्रकाच्या चुकीमुळे एक सेस्ना १५२ आणि एक सेस्ना १७२ एकाच पट्टीवर धडकली आणि चौघांचा मृत्यू झाला. एका विमानाला पट्टीच्या मधल्या जोडरस्त्यावरून पट्टीवर घेतले होते आणि दुसऱ्याला टोकापासून उड्डाणाची परवानगी दिली गेली होती.

लॉस एंजेलिसमध्ये १ फेब्रुवारी १९९१ च्या संध्याकाळी अशाच मधल्या जोडरस्त्यावरून एक लहान मेट्रोलायनर पट्टीवर येऊन परवानगीची वाट पाहत उभे होते. कामाच्या गर्दीत नियंत्रकाला त्याचा विसर पडला आणि त्याच पट्टीवर बोइंग ७३७ ला उतरण्याची परवानगी मिळाली. वरून येणाऱ्या वैमानिकांना पट्टीवरच्या दिव्यांच्या रांगेत त्या छोट्या विमानाचा शेपटीचा दिवा वेगळा ओळखता आला नाही. त्या दिवशी जमिनीवरची विमाने दाखवणारे रडारही बंद होते. एकूण ३५ जण मृत्युमुखी पडले. मेट्रोलायनरमधील बारापैकी कोणीही वाचले नाही.

या दोन्ही घटनांत वैमानिकांनी सांगितल्याप्रमाणेच केले होते. तरीही एक गोष्ट त्यांच्या हातात असते आणि ती आजही शिकवली जाते : पट्टीवर थांबायला सांगितल्यानंतर वाजवी वेळेत पुढची सूचना आली नाही, तर आपणच टॉवरला आठवण करून द्यायची. त्यात संकोच कसला?

परवानगीच्या भाषेबाबत इतका काटेकोरपणा कशासाठी?

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफे बेटावर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ धावपट्टीवर धडकली आणि ५८३ जण मरण पावले. संख्येच्या दृष्टीने विमान वाहतुकीतील तो आजवरचा सर्वांत भीषण अपघात आहे. मार्गाची परवानगी आणि उड्डाणाची परवानगी यांत झालेली गल्लत हे त्याच्या मुळाशी असलेल्या कारणांपैकी एक होते. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा असतो, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे असते. पट्टीवर येऊन थांबण्यासाठी ‘लाइन अप अँड वेट’ हे ठरलेले वाक्य आहे. अमेरिकेत पूर्वी निराळे वाक्य वापरले जाई, तिथेही ३० सप्टेंबर २०१० पासून हेच लागू झाले.

पट्टीवर शिरण्याची, पट्टी ओलांडण्याची किंवा तिच्या अलीकडे थांबण्याची सूचना वैमानिकाने पट्टीच्या क्रमांकासह आणि आपल्या विमानाच्या नावासह जशीच्या तशी परत म्हणायची असते. यालाच रीडबॅक म्हणतात. नुसते ‘रॉजर’ म्हणणे चालत नाही, कारण त्यावरून ऐकणाऱ्याला काय समजले ते सांगणाऱ्याला कळत नाही. नवशिक्या विद्यार्थ्यांना हा पोपटपंचीचा प्रकार वाटतो. पण अमेरिकेतील सेंट लुइसमध्ये २२ नोव्हेंबर १९९४ रोजी ३१ क्रमांकाच्या पट्टीऐवजी ३०आर (३० क्रमांकाची उजवी पट्टी) वर गेलेल्या सेस्ना ४४१ मधील दोघे, मागून धावत आलेल्या एमडी-८२ च्या धडकेत मरण पावले. क्रमांक उच्चारणे आणि मग समोरच्या पाटीवर तोच क्रमांक आहे ना ते पाहणे, या दोन्ही गोष्टी लागतात.

धावपट्टी कुठे सुरू होते हे वैमानिकाला कसे कळते?

विमानाच्या खिडकीतून हे तुम्हालाही पाहता येईल. टॅक्सीवेवरून, म्हणजे विमानांच्या जोडरस्त्यावरून, पट्टीकडे जाताना पिवळ्या रंगाच्या चार आडव्या रेघा येतात, त्यांतील दोन सलग असतात आणि दोन तुटक. सलग रेघा टॅक्सीवेच्या बाजूला आणि तुटक पट्टीच्या बाजूला असतात. सलग बाजूने येणाऱ्याने तिथे थांबलेच पाहिजे, तुटक बाजूने येणारा म्हणजे पट्टी सोडणारा ओलांडू शकतो. शेजारी लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरांत पट्टीचा क्रमांक असतो. हा क्रमांक दिशेवरून ठरतो. मुंबईची ०९/२७ ही पट्टी पूर्व-पश्चिम आहे, तर तिला छेदणारी १४/३२ आग्नेय-वायव्य. मोठ्या विमानतळांवर या ठिकाणी आळीपाळीने लुकलुकणारे पिवळे दिवे आणि आडवे लाल दिवेही असतात. रात्री टॅक्सीवेच्या कडेचे दिवे निळे आणि पट्टीच्या कडेचे पांढरे असतात.

या खुणा पुसट झाल्या तर काय होते, ते इटलीतील लिनाते येथे ८ ऑक्टोबर २००१ रोजी दिसले. धुक्यात एका छोट्या सेस्ना सायटेशन जेटला एका टॅक्सीवेने जायला सांगितले होते, ते दुसऱ्याने गेले आणि थेट मुख्य पट्टीवर, उड्डाण घेणाऱ्या एमडी-८७ च्या पुढ्यात आले. तिथल्या खुणा आणि पाट्या नीट नव्हत्या आणि जमिनीवरचे रडारही नव्हते. ११८ जणांचा मृत्यू झाला. वैमानिक वाट चुकला हे खरेच, पण चुकलेली वाट चुकलेली आहे हे त्याला सांगणारे तिथे काहीच नव्हते.

विमानांत टक्कर टाळणारे यंत्र असते, ते पट्टीवर काम करत नाही का?

हरियाणातील चरखी दादरी येथे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दोन विमाने आकाशात धडकून ३४९ जण मरण पावल्यानंतर भारतात प्रवासी विमानांना असे यंत्र सक्तीचे झाले. मात्र ते हवेतील टकरीसाठी आहे. जमिनीपासून साधारण १,००० फुटांच्या खाली आल्यावर ते वर चढा किंवा खाली उतरा अशी आज्ञा देणे बंद करते, कारण तेवढ्या कमी उंचीवर अशी आज्ञा पाळणेच धोक्याचे ठरेल. प्रशिक्षणाच्या लहान विमानांत बहुधा ते नसतेच. मोठ्या विमानतळांवर जमिनीवरच्या हालचाली दाखवणारी रडार यंत्रणा असते, पण ती महाग आहे आणि दिवसाला मोजकी विमाने येणाऱ्या ठिकाणी ती बसवली जात नाही.

यंत्रणा असूनही नजर चुकते, हेही ध्यानात ठेवावे. टोकियोच्या हानेदा विमानतळावर २ जानेवारी २०२४ रोजी तटरक्षक दलाचे डॅश ८ हे छोटे विमान पट्टीवर सुमारे ४० सेकंद उभे होते आणि उतरणारे एअरबस ए३५० त्यावर धडकले. नियंत्रकाच्या पडद्यावर इशारा उमटला होता, तो पाहिला गेला नाही.

भारतात, विशेषतः आपल्या राज्यात, असे प्रसंग घडले आहेत का?

थोडक्यात टळलेले प्रसंग घडले आहेत. ९ फेब्रुवारी २००९ रोजी मुंबईत राष्ट्रपतींच्या ताफ्यातील हवाई दलाचे हेलिकॉप्टर पट्टीवर उतरले, तेव्हा दिल्लीला निघालेले प्रवासी विमान त्याच पट्टीवर वेग घेत होते. वैमानिकाने ब्रेक लावून विमान थांबवले. १५ फेब्रुवारी २०२० रोजी पुण्यात उड्डाण घेणाऱ्या एअरबस ए३२१ च्या वैमानिकाला पट्टीवर जीप आणि माणूस दिसला. त्याने विमान वेळेआधीच उचलले, शेपटीकडचा भाग पट्टीवर घासला, पण विमान दिल्लीला सुखरूप उतरले. ८ जून २०२४ रोजी मुंबईत २७ क्रमांकाच्या पट्टीवर एक विमान उडत असतानाच दुसरे मागून उतरले.

कुत्री, डुकरे, जनावरे पट्टीवर आली तर?

व्याख्येनुसार ते इन्कर्शन नाही, वन्यजीवांचा धोका म्हणून त्याची वेगळी नोंद होते. विमानाला मात्र हा फरक कळत नाही. सुरत येथे ६ नोव्हेंबर २०१४ रोजी उड्डाण घेणाऱ्या प्रवासी विमानाला म्हैस धडकली होती. कुंपणाला भगदाड पाडून जवळची वाट करणारे आणि विमानतळालगत उकिरडा करणारे, या दोघांनाही हे सांगण्याची गरज आहे.

सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली, ती याच धोक्यामुळे का?

नाही. ती १५ जून २०२३ रोजी पाडली गेली ती उतरण्या-उडण्याच्या मार्गातील उंच अडथळा म्हणून. विमान आणि स्थिर वस्तू यांच्यातील अंतराचा तो प्रश्न होता. चिमणी नकाशावर दाखवता येते आणि तिची उंची मोजता येते. पट्टीवर चुकून आलेले विमान नकाशावर नसते. त्या वादाची बाजू कोणतीही असो, चिमणी गेली म्हणजे विमानतळ सर्व बाजूंनी सुरक्षित झाला असे समजणे बरोबर नाही.

मग सोलापुरात अशी टक्कर होऊ शकते का?

पट्टी एकच असल्यामुळे क्विन्सीसारखा छेदावरचा धोका इथे नाही, आणि विमानांची वर्दळही थोडी आहे. या दोन्ही गोष्टी जमेच्या आहेत. पण वर्दळ थोडी असली की सगळ्यांचीच नजर सैल पडते, हाही अनुभव आहे.

एकच पट्टी असलेल्या लहान विमानतळांवर लक्ष ठेवण्यासारखी जागा वेगळी असते. जिथे पट्टीला समांतर टॅक्सीवे नसतो, तिथे विमानाला उड्डाणाच्या टोकाशी जाण्यासाठी पट्टीवरूनच उलट चालत जावे लागते आणि टोकाशी वळून उभे राहावे लागते. दोन किलोमीटर अंतर सावकाश चालत जायला तीन-साडेतीन मिनिटे लागतात. उतरलेल्या विमानालाही तसेच परत यावे लागते. एवढा वेळ पट्टी अडलेली असते, आणि त्या वेळात एखादे प्रशिक्षण विमान किंवा पाहुण्यांना घेऊन येणारे खासगी विमान जवळ आले, तर सगळे रेडिओवरच्या दोन वाक्यांवर येऊन ठेपते. वर्दळ वाढवायची असेल, तर नव्या इमारतीच्या काचांपेक्षा समांतर टॅक्सीवेचा विचार आधी व्हावा, असे आमचे मत आहे.

उतरता उतरता विमान पुन्हा वर गेले, तर घाबरावे का?

नाही. त्याला गो-अराउंड म्हणतात आणि ते नेहमीच्या सरावाचा भाग आहे. पट्टीवर काही दिसले, आधीचे विमान बाहेर पडायला उशीर झाला किंवा वारा अचानक फिरला, तर वैमानिक इंजिनाची ताकद वाढवून वर जातो आणि फेरी मारून पुन्हा येतो. इंजिनाचा आवाज एकदम वाढतो आणि पाठ आसनाला टेकते, म्हणून भीती वाटते, एवढेच. ज्या वैमानिकाने गो-अराउंड केला त्याच्याविषयी तक्रार करण्याऐवजी त्याचे आभार मानावेत.

प्रवासी म्हणून आपण काय करू शकतो?

फार नाही. विमान पूर्ण थांबेपर्यंत पट्टा बांधलेला ठेवावा, जवळचा बाहेर पडण्याचा दरवाजा आपल्यापासून किती रांगा दूर आहे ते मोजून ठेवावे आणि बाहेर पडायची वेळ आलीच तर बॅग घेण्यासाठी हात वर करू नये. हानेदाच्या धडकेनंतर पेटलेल्या ए३५० मधून ३७९ जण जिवंत बाहेर आले, त्यात सामान मागे सोडण्याचा वाटा मोठा होता. छोट्या विमानातील सहापैकी पाच जण मात्र वाचले नाहीत. धावपट्टीवरील टकरीत मोठे आणि लहान विमान आमनेसामने आले की किंमत बहुधा लहान विमान मोजते. सेस्ना १७२ चे भरलेले वजन सुमारे १,१०० किलो असते आणि एटीआर ७२ चे सुमारे २३,००० किलो.

अशा घटनेची चौकशी कोण करते?

अपघात आणि गंभीर घटनांची चौकशी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीतील विमान अपघात तपास विभाग करतो. तो २०१२ मध्ये स्थापन झाला. परवाने आणि नियमभंगावरील कारवाई हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे काम आहे. तपास विभागाचा हेतू पुढचा अपघात टाळणे हा असतो, दोषी ठरवणे हा नसतो. त्याचे अंतिम अहवाल संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात, आणि अपघाताच्या दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांपेक्षा ते कितीतरी अधिक समजावून सांगतात.

मुलीला किंवा मुलाला फ्लाइंग स्कूलमध्ये घालायचे आहे. या दृष्टीने तिथे काय विचारावे?

फी, विमानांची संख्या आणि व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे २०० तास किती महिन्यांत पूर्ण होतील, हे सर्वच पालक विचारतात. त्याबरोबर आणखी काही गोष्टी विचाराव्यात. एका वेळी सर्किटमध्ये जास्तीत जास्त किती विमाने सोडता? पहिल्या सोलो, म्हणजे एकट्याने करायच्या, उड्डाणाच्या वेळी बाकीची विमाने खाली ठेवता का? रेडिओवर कोण ऐकत असते, आणि ती व्यक्ती फक्त माहिती देते की नियंत्रण करते? हा शेवटचा फरक महत्त्वाचा आहे. टॉवर नसलेल्या ठिकाणी जमिनीवरून मिळणारी माहिती म्हणजे परवानगी नव्हे, आणि निर्णय वैमानिकाचाच राहतो. अग्निशमन गाडी उड्डाणाच्या वेळेत हजर असते का, हेही विचारावे आणि शक्य असेल तर ती पाहून यावी.

एक प्रश्न मुलांनाच विचारावा : आज कोणाचे उड्डाण थांबवले गेले का, आणि ते का? पट्टीबद्दल शंका आली म्हणून विद्यार्थ्याने गो-अराउंड केला, तर प्रशिक्षक त्याला वेळ आणि इंधन वाया घालवल्याबद्दल बोलतो की त्याच्या निर्णयाची नोंद चांगल्या अर्थाने घेतो, हे त्यातून कळते. पहिला प्रकार असेल, तर तिथली विमाने कितीही नवी असली तरी दुसरी संस्था पाहावी.